झॅम्स्ट ए२-डीएक्स अँकल ब्रेस: करीचा घोटा, आपलं सिमेंटचं कोर्ट

घोट्याला आधार देणारा हा ब्रेस हातात घेतला की आधी जाणवतो तो त्याचा टणकपणा. मेडिकलच्या दुकानात घोट्यासाठी म्हणून जे इलॅस्टिकचे मोजे मिळतात ते मुठीत चुरगळता येतात. झॅम्स्टचा ए२-डीएक्स तसा चुरगळत नाही. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाशेजारून खाली टाचेच्या बाजूला उतरणारे प्लास्टिकचे दोन साचेबंद आधार त्याला आहेत. त्यांना धरून ठेवणारं जाडसर कापड, पुढच्या बाजूने एकमेकांना छेदून जाणारे पट्टे आणि वर नडगीभोवती बसणारा पट्टा, सगळं वेल्क्रोवर. उजव्या पायाचा वेगळा, डाव्याचा वेगळा, आणि विकतही एकेका पायाचाच मिळतो. ऑनलाइन मागवणाऱ्यांची पहिली फसगत इथेच होते. किंमत बघून जोडी समजून ऑर्डर दिली जाते आणि घरी एकच ब्रेस येतो, कधीकधी तोही नको त्या पायाचा. ऑर्डर करताना पाय आणि साइझ या दोन गोष्टी दोनदा तपासा.

झॅम्स्ट हा निप्पॉन सिग्मॅक्स या जपानी कंपनीचा ब्रँड. घोट्यासाठीच्या त्यांच्या मालात फिल्मिस्टा हा अगदी पातळ, ए१ मधला आणि ए२-डीएक्स सगळ्यांत कडक. आपल्याकडच्या मुलांना हे नाव माहीत झालं ते अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या बास्केटबॉलपटू स्टेफन करीमुळे. तो हा ब्रेस वापरतो आणि कंपनीची जाहिरातही करतो. ‘करी घालतो ना, मग चांगलाच असणार’ एवढ्या बोलीवर बरेच जण तो घेतात. घ्यायला हरकत नाही, पण करीच्या घोट्याची पूर्ण हकिगत माहीत असेल तर हा ब्रेस काय करतो आणि काय करत नाही हे जास्त चांगलं कळतं.

करी २००९ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाकडे आला. पहिल्या हंगामात ८० सामने खेळला. दुसऱ्या हंगामात उजवा घोटा पुन्हापुन्हा मुरगळायला लागला आणि मे २०११ मध्ये फाटलेल्या लिगामेंटवर, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या बंधावर, शस्त्रक्रिया झाली. पुढचा २०११-१२चा हंगाम संघमालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे आधीच ६६ सामन्यांचा होता, त्यातले तो फक्त २६ खेळला. शस्त्रक्रिया केलेला घोटा पुन्हा मुरगळत होता. एप्रिल २०१२ मध्ये दुर्बिणीतून दुसरी शस्त्रक्रिया झाली. नवीन लिगामेंट बसवावं लागेल की काय अशी धास्ती होती, पण तशी गरज निघाली नाही. सांध्यात साठलेले तुकडे आणि व्रणाची ऊती साफ करून काम भागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी त्याने ४ वर्षांचा ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. आकडा मोठा वाटतो, पण त्याच्या खेळाच्या मानाने तो स्वस्तातला करार होता, कारण त्या आकड्यात घोट्याची भीती धरलेली होती. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच खेळाडूने २० कोटी डॉलरच्या वरचा करार केला. मधल्या काळात तो ७८, ७८, ८०, ७९ आणि ७९ असे सामने खेळला. ज्या घोट्यावर हंगामात २६च सामने जमले होते त्याच घोट्यावर दोन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि २०१५-१६ मध्ये एका हंगामात ४०२ थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट) आले.

हे सगळं ब्रेसने झालं का? नाही. म्हणूनच या परीक्षणात ब्रेसइतकीच जागा कंबरेला आणि बुटालाही द्यावी लागणार आहे.

घोटा मुरगळतो म्हणजे नेमकं काय होतं ते आधी बघू. घोट्याचा सांधा हा खाचेत बसलेल्या ठोकळ्यासारखा असतो. वरून नडगीची दोन हाडं मिळून खाच करतात आणि त्यात खालचं हाड बसतं. हे खालचं हाड पुढे रुंद आणि मागे निमुळतं असतं. तळवा पूर्ण जमिनीवर असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. चवडा खाली झुकलेला असताना, म्हणजे उडी मारून खाली येताना, निमुळता भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, घेऊन खाली येणारा खेळाडू नेमक्या याच अवस्थेत दुसऱ्याच्या बुटावर पाय देतो. तळवा आत वळतो, सगळं वजन बाहेरच्या कडेवर येतं, आणि घोट्याच्या बाहेरच्या तीन लिगामेंटपैकी सगळ्यांत पुढचं आधी ताणतं किंवा तुटतं. हे सगळं पापणी लवायच्या आत घडतं. नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाय सावरायला आवळेपर्यंत उशीर झालेला असतो.

ए२-डीएक्सचं काम या एका क्षणापुरतं आहे. बाजूचे टणक आधार तळव्याला आत किंवा बाहेर कलंडू देत नाहीत, आणि छेदून जाणारे पट्टे पाऊल पुढे सरकण्याला विरोध करतात. चवडा वरखाली करण्याची हालचाल मात्र बऱ्यापैकी मोकळी राहते, म्हणून उडी आणि धावणं जमतं. या कामात हा ब्रेस खरंच चांगला आहे. हाताने तपासायचं असेल तर ब्रेस घालून, बूट न घालता, खुर्चीवर बसा आणि दुसऱ्याला तुमचा तळवा आतल्या बाजूला वळवायला सांगा. साध्या इलॅस्टिक मोज्यात पाय सहज वळतो, यात थोडं वळून अडतो. चवडा वरखाली केला तर फार अडत नाही. हा फरक ज्या ब्रेसमध्ये जाणवत नाही तो ब्रेस कितीही नामांकित असला तरी तुमच्या पायाला बसलेला नाही, असं समजा.

ब्रेसने घोटे वाचतात याला आधार आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शाळकरी बास्केटबॉलपटूंवर झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत महत्त्वाचा आहे. ४६ शाळांतले १,४६० खेळाडू त्यात होते. निम्म्यांना लेस बांधायचा ब्रेस दिला, निम्म्यांना काहीच नाही. दर हजार सराव-सामन्यांमागे घोट्याच्या दुखापती ब्रेसवाल्यांत ०.४७ आणि बाकीच्यांत १.४१ निघाल्या, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. आधी कधी पाय मुरगळलेला असो वा नसो, फायदा दोघांनाही झाला. गुडघ्याच्या दुखापती वाढल्या नाहीत. ‘घोटा बांधला की जोर गुडघ्यावर जातो’ हे ग्राउंडवर हमखास ऐकू येणारं वाक्य त्या अभ्यासात खरं ठरलं नाही. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. ब्रेस असूनही ज्यांचा पाय मुरगळला त्यांची दुखापत सौम्य होती असं आढळलं नाही. आणि लक्षात घ्या, तो अभ्यास लेसच्या ब्रेसचा आहे, ए२-डीएक्सचा नाही. म्हणजे खूप स्वस्तातल्या लेसच्या ब्रेसनेही मोठा फायदा होतो.

मग ए२-डीएक्सचे जास्तीचे पैसे कशाचे? टणक आधारांचे, आणि वेळेचे. लेसचा ब्रेस नीट बांधायला एका पायाला दोनतीन मिनिटं लागतात आणि खेळता खेळता लेस ढिली पडते. ए२-डीएक्स सवय झाल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात चढतो आणि बूट थोडा सैल करून पट्टा पुन्हा आवळता येतो. टेपिंगशी तुलना केली तर तो सरळसरळ स्वस्त पडतो. चिकट टेपचा जवळपास अख्खा रोल एका घोट्याला लागतो, बांधणारा जाणकार लागतो, आणि खेळाच्या पहिल्या अर्ध्या तासातच टेपचा आधार बराच कमी होतो. आपल्या घामात तर टेप कातडीवरून सुटतेच. क्रेप बँडेजचा सामन्यात उपयोग नाही. सूज दाबायला ते ठीक, कलंडणारा पाय त्याने थांबत नाही.

साइझच्या बाबतीत कंपनीचा तक्ता पायाच्या मापावर आहे. बुटाच्या आत लिहिलेल्या नंबरावर विसंबू नका. आपल्याकडे यूके, यूएस आणि युरोप असे तीन नंबर एकाच बुटावर असतात आणि गोंधळ तिथेच होतो. संध्याकाळी, दिवसभराच्या हालचालीनंतर, भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा, सगळ्यांत लांब बोटाशी खूण करा आणि सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं माप घ्या, दोन्ही सारखे असतातच असं नाही. माप दोन साइझच्या सीमेवर आलं तर लहान साइझ घ्या. मोठा ब्रेस पट्टे आवळून घट्ट करता येतो असं वाटतं, पण बाजूचे आधार घोट्याच्या हाडाच्या जागेवरून सरकलेले राहतात आणि तिथेच घासतात. घोट्याचं हाड साच्याच्या खोलगट भागात बसायला हवं. ते कडेवर आलं तर पहिल्याच सामन्यात कातडी सोलते.

आता घालण्याची रीत, कारण तक्रारींतल्या निम्म्या इथूनच येतात. आधी घोट्याच्या बराच वर जाणारा मोजा घाला आणि त्याची एकही सुरकुती ठेवू नका. बोटांकडून टाचेकडे, टाचेकडून नडगीकडे हात फिरवून मोजा ताणून घ्या. ब्रेसचे सगळे पट्टे सोडून पाऊल आत सरकवा. टाच मागे टेकली की खुर्चीवर बसून पाय जमिनीवर ठेवा, गुडघा पावलाच्या बरोबर वर, घोटा काटकोनात. याच अवस्थेत पट्टे ओढायचे. पाय हवेत लोंबकळत ठेवून, चवडा खाली झुकलेला असताना पट्टे लावले तर बसल्याजागी ते घट्ट वाटतात आणि उभं राहिल्यावर ढिले पडतात. आधी पुढून छेदणारे पट्टे ओढा, दोन्हींचा ताण सारखा ठेवा. वरचा पट्टा शेवटी, आणि तो सगळ्यांत कमी आवळा. ‘घट्ट म्हणजे सुरक्षित’ असं समजून वरचाच पट्टा करकचून ओढला जातो, मग दुसऱ्या क्वार्टरपर्यंत पोटरी भरून येते आणि दोष ब्रेसला दिला जातो. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सैल करा.

बूट चढवताना लेस खालून तिसऱ्या-चौथ्या भोकापर्यंत पूर्ण सैल करावी लागते. ब्रेससकट पाय जाड होतो, ते गृहीतच धरा. काठोकाठ बसणाऱ्या बुटात हा ब्रेस जात नाही, किंवा जबरदस्तीने जातो आणि मग चवडा दाबला जाऊन बोटं बधिर होतात. नवा बूट घेणार असाल तर ब्रेस सोबत घेऊन दुकानात जा आणि तो घालूनच बूट बघा. अर्धा नंबर मोठा लागण्याची शक्यता जास्त. आहे त्याच बुटात बसवायचा असेल तर आतला जाड सोल काढून पातळ घालून बघा, पण सोल काढल्यावर टाच बुटात वर उचलली जात असेल तर तो बेत सोडा. टाच उचलली गेली की फोड येतो आणि थांबतानाचा ताबाही जातो.

बूट कोणता असावा? कॉलर खाली असलेला बूट या ब्रेसला जास्त जुळतो. मध्यम उंचीच्या कॉलरची जाड गादी प्लास्टिकच्या आधारावर दाबते आणि दुखतो तो घोटा, बूट नाही. उंच कॉलरचा बूट घोटा वाचवतो हा जुना समज आहे. तो अभ्यासांत टिकलेला नाही. उंच कॉलर आणि ए२-डीएक्स एकत्र घालणं म्हणजे दुप्पट सुरक्षा वाटते, प्रत्यक्षात दोन गोष्टी एकमेकींना ढकलत राहतात.

पहिले चारपाच दिवस ब्रेस थेट सामन्यात घालू नका. पहिल्या दिवशी घरात अर्धा तास, दुसऱ्या दिवशी नेमबाजीच्या सरावात, मग ड्रिल, मग सामना. सुरुवातीला डिफेन्सला बाजूला सरकताना पाय ‘लाकडी’ वाटतो. साचा पायावर बसायला आणि डोक्याला त्याची सवय व्हायला आठवडा लागतो. उडीत थोडी घट वाटली तर ती बहुधा पुढचे पट्टे जास्त आवळल्याने असते, अर्धा सेंटिमीटर सोडून बघा. आठवड्याभरानंतरही घोट्याच्या हाडावर लाल वण उमटत असेल आणि तो अर्ध्या तासात जात नसेल, तर साइझ चुकली आहे.

आपल्याकडच्या कोर्टवर एक वेगळाच प्रश्न येतो. हा ब्रेस ज्या लीगच्या खेळाडूवर आपण बघतो ती लाकडी कोर्टवर, वातानुकूलित हॉलमध्ये खेळते. महाराष्ट्रातली बहुतेक कोर्ट उघड्यावरची आणि सिमेंटची आहेत. सिमेंटवरची बारीक धूळ वेल्क्रोत जाऊन बसते, मोज्याचे धागे तिला चिकटतात, आणि काही महिन्यांत पट्टा लावताना येणारा ‘चर्र’ आवाज मऊ होतो. तो आवाज मऊ झाला की पकड गेली. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने वेल्क्रोच्या काट्यांची बाजू एकाच दिशेने घासा, अडकलेले धागे टाचणीने उपसा. ब्रेस बॅगेत टाकताना सगळे पट्टे लावूनच टाका. उघडा वेल्क्रो टॉवेल आणि जर्सी दोन्ही खातो आणि स्वतःही भरतो.

कोकणात, मुंबईत, गोव्यात घाम आणि दमट हवा यांचा त्रास जास्त. जाड कापड ओलं झालं की रात्रभरात वाळत नाही आणि तसंच दुसऱ्या दिवशी घातलं तर कातडीवर पुरळ येतं. धुण्याची रीत साधी आहे. पट्टे लावा, थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने चोळा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत, पंख्याखाली, वाळवा. कडक उन्हात, गॅसजवळ किंवा ड्रायरमध्ये ठेवलं तर प्लास्टिकचा साचा वाकतो, आणि एकदा वाकलेला साचा परत तुमच्या घोट्याला बसत नाही. ब्लीच अजिबात नको. पावसाळ्यात रोज खेळणाऱ्याने दर सरावानंतर नुसता पुसून, उघडून, हवेशीर ठेवावा आणि पूर्ण धुणं रविवारी करावं. बंद किट-बॅगेत रात्रभर राहिलेला ब्रेस लवकर कुजतो, दर्प येतो तो त्याचाच.

सिमेंटचा आणखी एक परिणाम सांगायला हवा. लाकडी कोर्टवर बूट किंचित सरकतो, त्यात थोडा जोर जिरतो. खरखरीत सिमेंटवर नवा सोल जागच्या जागी चिकटून थांबतो आणि वळण्याचा सगळा झटका घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. इथे ब्रेसपेक्षा पाय टाकण्याची पद्धत जास्त कामाची ठरते. आणि करीच्या हकिगतीतला महत्त्वाचा भाग नेमका हाच आहे.

दोन शस्त्रक्रिया होऊन आणि ब्रेस लागूनही घोट्याच्या तक्रारी लगेच संपल्या नव्हत्या. २०१२-१३ च्या हंगामातही त्याचा घोटा दुखावला. त्याच हंगामात, २७ फेब्रुवारी २०१३ ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने ५४ गुण केले, १३ पैकी ११ थ्री टाकले. गुणवत्ता होती, भरवसा नव्हता. वॉरियर्सचे शारीरिक तंदुरुस्तीचे प्रशिक्षक कीकी लाइल्स यांनी त्याच्या हालचाली बघून काढलेला निष्कर्ष असा, की करी अचानक थांबताना आणि दिशा बदलताना सगळं काम घोट्याकडून करून घेतो. कंबर आणि मांड्यांचे मोठे स्नायू त्यात येतच नाहीत. मग त्याला कंबरेतून वाकायला शिकवलं, डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन कंबरेतून वाकून उचलणं) हा त्याचा मुख्य व्यायाम झाला, आणि पुढे तो ४०० पौंड, म्हणजे १८० किलोच्या आसपास, उचलू लागला. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. त्याचा स्टेप-बॅक संथ करून बघा. मागे उडी घेताना ढुंगण मागे जातं, गुडघे वाकतात, छाती किंचित पुढे येते, आणि पाऊल टेकतं तेव्हा ते सपाट असतं. घोट्यावर येणारा झटका वरच्या वर वाटून घेतला जातो. चवड्यावर, ताठ गुडघ्याने थांबणाऱ्या मुलाच्या पायात ए२-डीएक्स असला तरी तो रोज जुगार खेळतोय.

म्हणून ब्रेस घेणाऱ्याने खर्चात रोजची पंधरा मिनिटंही धरावीत. एका पायावर उभं राहणं, ३० सेकंदांच्या तीन फेऱ्या. जमलं की डोळे मिटून, तेही जमलं की घडी केलेल्या चादरीवर. रबरी पट्टा पावलाच्या बाहेरच्या बाजूला अडकवून पाऊल बाहेर ढकलणं, १५ वेळा, तीन फेऱ्या. एका पायावर टाच उचलणं, तेवढंच. पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकणं, आधी हातात काही न घेता, मग पाण्याच्या पाच लिटरच्या कॅनसोबत. शेवटी एका पायावर छोटी उडी आणि सपाट तळव्याने उतरून दोन सेकंद स्थिर थांबणं. हे सगळं ब्रेस काढून करायचं, नाहीतर पायाला काम शिकायला मिळत नाही. ब्रेसने घोटा ‘आळशी’ होतो ही भीती मुख्यतः ज्यांनी हा भाग सोडला त्यांच्याबाबत खरी ठरते.

ब्रेसला मर्यादा आहे हे करीच्याच पायाने पुन्हा दाखवलं. ४ डिसेंबर २०१७ ला न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचा उजवा घोटा मुरगळला आणि तो ११ सामने बाहेर बसला. त्याच हंगामाच्या शेवटी मार्चमध्ये पुन्हा तोच घोटा. २०१७-१८ मध्ये त्याला ५१ सामनेच मिळाले, गुडघ्याचीही त्यात भर पडली. ब्रेस, कंबरेची ताकद, जगातले उत्तम फिजिओ, सगळं असून. पण २०१२ सारखी वेळ परत आली नाही. तो परत आला, १४ डिसेंबर २०२१ ला रे ॲलनचा कारकिर्दीतल्या २,९७३ थ्रींचा विक्रम मोडला आणि १३ मार्च २०२५ ला ४,००० चा टप्पा गाठला. मुरगळणं पूर्ण टळत नाही. ते कमी वेळा व्हावं आणि त्यातून पूर्ण बरं होऊन परत यावं, एवढंच हातात असतं.

हा ब्रेस घ्यावा कोणी? ज्याचा एकच घोटा वर्षभरात दोनदा किंवा जास्त वेळा मुरगळला आहे, जो आठवड्यातून चार-पाच दिवस खेळतो, आणि ज्याच्या फिजिओने मोठी फाट नाही असं सांगितलं आहे, त्याने जरूर घ्यावा. मुरगळल्यानंतर निदान सहा महिने प्रत्येक सरावाला आणि सामन्याला तो घालावा. दुखायचं थांबलं म्हणजे लिगामेंट भरलं असं होत नाही. सेंटर आणि फॉरवर्ड, जे दिवसभर रिंगखालच्या गर्दीत उतरतात, त्यांना फायदा जास्त. ज्याचा घोटा कधीच मुरगळलेला नाही त्याला लेसचा साधा ब्रेस पुरे, किंवा फिल्मिस्टासारखा पातळ. चौदा-पंधरा वर्षांच्या, झपाट्याने वाढणाऱ्या मुलांसाठी हा खर्च करू नका, वर्षभरात साइझ बदलते. कबड्डीसाठी तर नकोच. टणक प्लास्टिक समोरच्याच्या तोंडाला आणि हाताला लागतं. बास्केटबॉलच्या स्पर्धेतही सामना सुरू व्हायच्या आधी पंचांना दाखवून घेणं बरं, म्हणजे ऐन वेळी काढायला लागत नाही.

आणि ताज्या मुरगळीवर हा ब्रेस चढवून ‘शेवटचं क्वार्टर काढतो’ म्हणणाऱ्याला बाहेर बसवा. दुखापतीनंतर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही हाडांपैकी एकाच्या मागच्या कडेवर खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये बोटाने दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे. हाड मोडलेलं असताना पट्टे आवळले तर सूज आतल्या आत दाबली जाते. मालिश, गरम शेक आणि ‘उतरवून घेणं’ हे तिन्ही पहिल्या दोन-तीन दिवसांत टाळा. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, पाय उशीवर उंच, आणि सूज उतरेपर्यंत साधं क्रेप बँडेज. ब्रेसची पाळी नंतर, चालताना लंगडणं थांबल्यावर.

टिकतो किती हे खेळण्यावर आहे. साचा सहसा शेवटपर्यंत राहतो, आधी वेल्क्रो जातो आणि मग कापड सैल पडतं. तीन खुणा बघा. पूर्ण आवळल्यावरही पट्ट्याचं टोक पूर्वीपेक्षा बोटभर पुढे जायला लागलं, सामन्यात दोनपेक्षा जास्त वेळा पट्टा पुन्हा लावावा लागला, किंवा प्लास्टिकच्या कडेला पांढरी रेघ दिसली, की बदला. ती पांढरी रेघ म्हणजे तडा पडायची सुरुवात, आणि असा आधार नेमका ज्या उडीत लागतो त्याच उडीत तुटतो. वेल्क्रोच गेला असेल आणि बाकी सगळं ठणठणीत असेल तर बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून त्याच रुंदीचा नवा वेल्क्रो शिवून घेता येतो. फक्त शिवण आतल्या बाजूला, कातडीकडे, येणार नाही एवढं त्याला बजावा. दुसऱ्याचा वापरलेला ब्रेस मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. त्याचं कापड त्या पायाच्या आकाराला ताणलं गेलेलं असतं, आणि बाहेरून कितीही नवा दिसला तरी तुमच्या घोट्याच्या हाडाची जागा त्यात उरलेली नसते.